बाबांनी पाहिलेली मॅच

फोन विठ्ठलवाडीहून आला. भाऊच्या खोलीचे घरमालक बोलत होते. "ताई, दत्तारामभाऊ सकाळी उठलेच नाहीत..." मी डोंबिवलीहून पोहोचले तोवर शेजाऱ्यांनी त्याला खाटेवरून खाली घेतलं होतं. माझा थोरला भाऊ, ऐंशीच्या घरातला, आणि सख्खं माणूस म्हणावं तर मी एकटी. जमलेल्यांपैकी एकानं विचारलं, "काय करायचे ते?" म्हटलं, "हॉकी खेळायचे." त्याला वाटलं, हौस म्हणून. जन्मभर मास्तरकी केली, पण त्या दिवशी कुणाला काही समजावून सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. आता महिना उलटलाय, म्हणून लिहायला बसलेय.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठचं. बाबा मिठागरात राबायचे. भाऊ शाळेसाठी कल्याणला मामाकडे राहिला. मामा रेल्वेत होता, आणि तिथल्या वसाहतीच्या मैदानावर संध्याकाळी हॉकी चालायची. गोलात उभं राहायला कुणी राजी नसे, कारण चेंडू नडगीवर बसला की तारे दिसत. याला उभं केलं, आणि हा उभाच राहिला! स्वातंत्र्यानंतर वर्ष-दोन वर्षांत रेल्वेच्या टीमनं त्याला घेतलं, मग परळच्या एका गिरणीनं. कागदावर तो गिरणीचा कामगार, पण काम एकच, चेंडू अडवायचा. बाबांना हे काही केल्या पटेना. आमच्याकडच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो, त्या बोलीत ते विचारायचे, "लाकरानी चेंडू ढकलायला पगार देतान? येरा झालाय का तो गिरणीवाला?"

मुलींच्या बापांनाही पटेना. मुलगा काय करतो? खेळतो. ते कळलं हो, पण करतो काय? इथं बोलणी थांबायची. त्यातून हॉकीचा मोसम नेमका लग्नसराईत. घरातल्या एकाही हळदीला हा हजर नसायचा. माझ्या लग्नात नवऱ्याचा कान पिळायला सख्खा भाऊ नव्हता, चुलतभावानं पिळला. मी मांडवात रडले ते सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. मला भाऊचा राग आला होता.

त्याची स्वतःची इच्छा एवढीच होती, की बाबांनी एकदा येऊन त्याला खेळताना बघावं. घरी आला की हाच विषय. बाबा मिठाची सबब सांगायचे. शेवटी एका वर्षी कबूल झाले आणि भाजी घेऊन मुंबईला जाणाऱ्या शेजाऱ्यानं त्यांना मैदानाच्या फाटकाशी सोडलं. मी तेव्हा माहेरपणाला आले होते. बाबा परत आले ते ओटा चढायच्या आधीच बोलायला लागले. "केवरी उरी मारली गो माज्या पोरानी! चेंडू आत जातच व्हता, यानी हवेतनं काढला. आन् त्यांची टीम जिकली ना! मी तं उभा राहून वरडलो, दत्तू रं, दत्तू..." बाबांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आईनं त्यांना दोनदा पाणी दिलं, तरी प्यायचं भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. बाबांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यानं मान खाली घालून ऐकलं. मी विहिरीवर कपडे धूत होते, तिथं येऊन बसला.

"शेवंते, मी पिवळ्यात होतो गं."

मला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. मोसम संपला की टीमचा गंजीफ्रॉक धुऊन परत करायचा असतो. पुढच्या वर्षी जी टीम घेईल तिचा रंग अंगावर. आदल्या पावसाळ्यात भाऊचा गिरणीचा निळा गंजीफ्रॉक आमच्या दोरीवर वाळत असायचा, तेवढा बाबांनी पाहिलेला. नव्या वर्षी गिरणी सोडून तो एका तेल कंपनीच्या पिवळ्या टीमकडे गेला होता, आणि मॅच होती त्याच गिरणीशी. मिठाच्या लखलखाटात बाबांचे डोळे केव्हाच अधू झाले होते. चेहरा काय दिसणार, रंग दिसला. सबंध वेळ त्यांनी निळ्या गोलकीपरलाच लेक समजून डोळे भरून पाहिलं.

"आमच्यावर गोल झाला, तेव्हा बाबांचा आवाज आला," भाऊ म्हणाला. "इतक्या गर्दीत ओळखला मी. माझंच नाव घेऊन ओरडत होते..."

"मग सांग ना त्यांना! पुढच्या मॅचला ने!"

"नको. किती खूश आहेत बघ."

त्यानं सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. पुढं भोपाळचं बोलावणं आलं, मग कलकत्त्याच्या लीगमध्ये तीन मोसम. तिथं म्हणे रस्त्यात लोक त्याला ओळखायचे. इकडे बाबांना दिसायचंच बंद झालं, त्यामुळं दुसऱ्या मॅचचा प्रश्नच उरला नाही. गुडघा कामातून गेल्यावर भाऊ परतला तेव्हा कल्याणच्या मैदानावरची पोरं नवी होती. मग विठ्ठलवाडीची खोली, एका गोदामात राखणदारी. सणाला ये म्हटलं की यायचा, जेवायचा, दिवेलागणीला निघायचा. राहा म्हटलं तर म्हणायचा, "मला कुणाकडे झोप लागत नाही." मी कुणी परकी होते का रे?

खोली रिकामी करायला गेले. खाटेसमोरच्या भिंतीवर एकच फोटो होता. गोलकीपर हवेत आडवा, टोपी नि हात आड आल्यानं चेहरा दिसतच नाही. तो बाबांसाठी आणलेला. त्यांनी त्या उडीची आठवण म्हणून फोटो मागितला, तेव्हा भाऊनं वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरला गाठून त्या निळ्या गोलकीपरचा फोटो मिळवला होता. दिसत नव्हतं तरी बाबा काचेवरून हात फिरवायचे. ते गेल्यावर भाऊनं घरातून तेवढा एक फोटो मागून नेला.

मी तो डोंबिवलीला आणून लावलाय. परवा सून पुसता पुसता म्हणाली, "आई, मामा काय जबरदस्त खेळायचे हो!" मी म्हटलं, "हो गं, खेळायचा." भाऊचा खेळतानाचा फोटो आमच्याकडे एकही नाही.