जाळीखालची ओळ

नवऱ्यापासून मी तशी काही लपवत नाही. हे मात्र त्यालाही माहीत नाही. नाशिकच्या मैत्रिणींना नाही, इथे आखातात, अल थुमामाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नाही. चार वर्षं झाली. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगते.

गोष्ट माझ्या वेबसाइटची आहे. हसाल तुम्ही. वेबसाइटसारखी गोष्ट मनाला खाते का कधी?

मी इंटिरियर डिझायनर. मुलगी लहान होती तेव्हा काही वर्षं घरी बसले, मग इथून उत्तरेला मदिनत अश शमाल गावातल्या एका व्हिलाचं काम मिळालं. तिथल्या मजलिसला, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीला, लाकडी जाळी हवी होती. उजेड आत यावा, पण बाहेरून आतलं माणूस दिसू नये. मी कॅटलॉगमधली चांदण्यांची नक्षी उचलून दिली. नमुना उभा करून बघितला तर बाहेरून सगळी बैठक दिसत होती. मालक वैतागले.

त्या साइटवर कुडाळचे वसंत मेस्त्री सुतारकाम करायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीने पट्ट्या काढून दाखवल्या — प्रत्येक पट्टी जराशी तिरकी, खाचेत खाच, एकही खिळा नाही. मी तो तुकडा घरी आणला आणि कॉम्प्युटरवर नीट काढला. माझं काम एवढंच. एवढंच — हे लिहितानासुद्धा हात अडतोय बघा.

जाळी फार सुंदर झाली. मला वेस्ट बेमधल्या एका मोठ्या ऑफिसात अर्ज करायचा होता आणि त्यांना पोर्टफोलिओ हवा होता. म्हणून मी स्टॅटिक साइट जनरेटर शिकले. नाव जड आहे, काम सोपं. प्रत्येक कामाची एक साधी मजकुराची फाइल लिहायची, फोटो जोडायचे, एक कमांड द्यायची, की वेबसाइटची पानं तयार. पण ती आधी फक्त आपल्या लॅपटॉपवर दिसतात. अपलोड करेपर्यंत बाहेरच्या कुणाला काही दिसत नाही.

मेस्त्रींना हे कुठून माहीत असणार?

व्हिलाची चावी द्यायच्या दिवशी मी त्यांना लॅपटॉपवर ते पान दाखवलं. जाळीच्या फोटोखाली ओळ होती: डिझाइन वसंत मेस्त्री, ड्रॉइंग माझं. त्यांनी हात पँटला पुसले, मोबाइल काढला आणि स्क्रीनचाच फोटो घेतला.

“ताई, ह्या सगळ्यांका दिसतला मां?”

“इन्शाल्ला, उद्याच,” मी म्हटलं. तो फोटो त्यांनी तिथूनच कुडाळला घरी पाठवला.

तेव्हा मी खरंच बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर अपलोड करायला बसले आणि मनात आलं — डिझाइन त्यांचं, तर मग माझं काय? इतक्या वर्षांनी बाहेर पडतेय आणि दाखवायला एकच चांगलं काम, तेही दुसऱ्याचं? मी ती ओळ पुसली. डिझाइनपुढे माझं नाव लिहिलं. नोकरी लागली की परत बदलू, असं स्वतःला सांगितलं. नोकरी लागली.

पाचसहा महिन्यांनी मेस्त्रींचा फोन आला. एका फर्निचर वर्कशॉपमध्ये ते फोरमनच्या इंटरव्ह्यूला बसले होते. माझ्या साइटचा पत्ता त्यांनीच अभिमानाने दिला होता. स्वतः ती कधी उघडली नव्हती. कशाला उघडतील, फोटो होता ना त्यांच्याकडे. तिथल्या मॅनेजरने साइट उघडली तर माझं नाव. मेस्त्रींनी मोबाइलमधला फोटो दाखवला, तर त्याला वाटलं, फोटोच खोटा बनवलाय. “ताई, तुमीच सांगा यांका,” असं म्हणून त्यांनी फोन त्याला दिला.

त्याने मला इंग्रजीत, अगदी सभ्यपणे विचारलं, हे डिझाइन या माणसाचं आहे का. माझे साहेब शेजारच्याच टेबलावर होते.

मी म्हटलं, नाही. त्यांनी माझ्या ड्रॉइंगवरून बनवलं.

पाहिलंत? एक शब्दही खोटा नव्हता, त्या ‘नाही’खेरीज. फोन परत मेस्त्रींकडे गेला. त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. ते म्हणाले, “बरां ताई. ठेवतंय.”

ती नोकरी त्यांना मिळाली नाही. पुढे दुसऱ्या एका सुताराकडून कळलं, व्हिसा संपला आणि ते गावी गेले. मला परत कधी फोन केला नाही. त्या फोटोबद्दल त्यांनी घरी काय सांगितलं असेल? मी खोटी म्हणून सांगितलं असेल, की स्वतःच गप्प बसले असतील? मला वाटतं, गप्पच बसले असतील. ते मला जास्त लागतं.

ऑफिसात ती जाळी आता माझी ओळख झालीय. नवा क्लायंट आला की साहेब आधी तेच पान उघडतात.

गेल्या आठवड्यात जनरेटर जुना झाला म्हणून सगळी साइट नव्याने बांधायला घेतली, तर मेस्त्रींना दाखवलेल्या पानाची जुनी प्रत सापडली. ओळ पुसण्याआधी मीच ती वेगळी काढून तिच्यावर ‘ड्राफ्ट’ अशी खूण करून ठेवली होती. ड्राफ्ट म्हटलं की जनरेटर ते पान वगळतो. खूण काढली असती, तर त्यांचं नाव सगळ्यांना दिसलं असतं.

मी ती फाइल उघडली. दोनदा वाचली. बंद केली.

नवी साइट आज सकाळी अपलोड झाली. जाळीखाली माझंच नाव आहे.