तोआन आजोबा रेनकोट निवडतात

आमच्या गल्लीत अशी वदंता आहे की तोआन आजोबा पावसात मुलं पळवतात.

सकाळी चहाच्या टपरीवरून ती निघाली तेव्हा पळवलेलं मूल एकच होतं. दोंग बा बाजारात पोचेपर्यंत त्याची तीन झाली. संध्याकाळी तर मासेवाली शपथेवर सांगत होती, की म्हातारा मुलांना पोत्यात घालून सरहद्दीपार विकतो. ज्या माणसाला स्वतःच्या कपाळावरचा चष्मा सापडत नाही त्याने एवढा मोठा धंदा उभारला, याचं मला कौतुकच वाटलं.

खरं सांगायचं तर आजोबांनी कुणाला पळवलं नाही. मूल आपणहून येऊन त्यांच्या गाडीवर बसलं, आणि घरी जाऊन जेवलंसुद्धा.

आमच्या हुए शहरात पाऊस एकदा पाहुणा आला की घरजावई होऊन राहतो. गेल्या वर्षी एका शेवयांच्या कंपनीने खोक्याबरोबर निळा रेनकोट फुकट वाटला. फुकट म्हटल्यावर शहराने इतक्या शेवया खाल्ल्या की शाळेच्या फाटकासमोर नुसता निळा समुद्र. रेनकोट म्हणजे डोक्यापुरतं भोक असलेली मोठी पिशवी. पुढचा भाग हँडलवर टाकायचा, मागचा पदर मागे बसणाऱ्यावर. शाळा सुटली की पोरं धावत येतात, आपल्या माणसाचा पदर उचलतात आणि आत शिरतात. आतून रस्ता दिसत नाही. दिसते ती फक्त चालवणाऱ्याची पाठ.

तर त्या दिवशी कुणीतरी आजोबांचा पदर उचलला, दोन हात कमरेला घट्ट बसले, आणि आजोबांनी गाडी काढली. ते जन्मभर रेल्वे स्टेशनवर घोषणा करायचे. निवृत्त झाले ते नोकरीतून, घोषणांतून नाही.

"लक्ष द्या! त्रुओंग तिएन पूल येत आहे."

मागून, "हं."

"लक्ष द्या! मीत, तुझं वजन वाढलं आहे."

"हं."

मीत ही त्यांची पहिलीतली नात. मीत म्हणजे फणस. घरातलं लाडाचं नाव. घरी पोचल्यावर आजोबांनी पदर उचलला, तर आत फणसाऐवजी एक गुबगुबीत मुलगा. तो शांतपणे म्हणाला, "भूक लागलीय." आजोबांचं म्हणणं, "मी तत्काळ ओळखलं!" तत्काळ म्हणजे त्याने शिंपल्यांच्या भाताचा दुसरा वाडगा मागितला तेव्हा. मीत कधी दुसरा मागत नाही. वाडगा संपल्यावर त्याला त्याच्या घरी पोचवलं.

तिकडे फाटक रिकामं झालं तरी मीत रखवालदाराचा हात धरून उभी. शेवटी त्याने तिच्या आईला, खुएताईला, फोन केला. खुएताई हॉटेलच्या स्वागतकक्षात असते. दिवसभर परक्यांशी साखर पेरून बोलते. घरी येईस्तोवर साखर संपलेली असते. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून आहे, आणि माझे कान भिंतीला.

"बाबा, उद्यापासून मीत व्हॅनने येईल."

"लक्ष दे, खुए..."

"तुम्ही दिलं असतंत तर! पोरगी पावसात उभी, आणि तुम्ही दुसऱ्याचं पोर जेवू घालताय!"

"त्याला भूक लागली होती."

"बाबा!" मग जरा वेळ भांडी आपटली. मग ती म्हणाली, "फाटकातून मीतला तुम्ही ओळखू आलात तर ठीक. शुक्रवारपर्यंत बघते. नाहीतर व्हॅन."

आता या माणसाचा दिवस कसा असतो ते मला ठाऊक आहे. सकाळी उठायचं आणि शाळा सुटायची वाट बघायची. मधला सगळा वेळ म्हणजे फलाटावरचं बाकडं. ती एक फेरी काढून घेतली असती तर त्या वेळापत्रकात गाडीच उरली नसती.

म्हणून दुसऱ्या दिवशी आमचं दुकान उघडायच्या आधीच आजोबा पायरीवर हजर. आमचं दुकान रेनकोटचं. म्हणजे आईचं. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या नकला करायचं खातं आहे.

आईने दोन डोक्यांचा रेनकोट काढला, मागच्यालाही डोकं बाहेर काढता येतं तो. आजोबा प्लास्टिकच्या स्टुलावर गाडीवर बसल्यासारखे बसले, मी मागे मीत झाले. पण मीतची उंची एवढीशी. तिचं डोकं भोकापर्यंत पोचणारच नाही, आणि त्या भोकातून पाऊस मात्र थेट तिच्या मानेत. नामंजूर. मग जाकीट आणि पँट. पँटीत एक पाय घालेपर्यंत आजोबांनी तीन वेळा भिंतीचा आधार घेतला, दुसरा पाय घालायला मला धावावं लागलं. शिवाय त्याला पदरच नाही, म्हणजे पोर भिजणार. "ही गाडी अनिश्चित काळासाठी रद्द," आजोबा धापा टाकत म्हणाले.

शेवटी नारिंगी रेनकोट पसंत पडला. असा भडक की बघणाऱ्याचे दात आंबावेत. शहरात तसा दुसरा कुणाच्याच अंगावर नव्हता.

पण हे फार वेळ टिकलं नाही. आमची आई होती ना. "अहो, मुलं पळवायच्या गोष्टी ऐकल्यात ना?" ती प्रत्येक गिऱ्हाइकाला कुजबुजून सांगायची. "हा घ्या नारिंगी. यातलं मूल चुकत नाही. तोआनकाकांनीसुद्धा हाच नेला." बुधवारी शाळा सुटली तेव्हा फाटकासमोर नारिंगी समुद्र. मीत आता शहाणी झाली होती. तिने कुणाचाच पदर उचलला नाही, गळा तेवढा काढला. रखवालदाराने पुन्हा फोन लावला. खुएताईने व्हॅनवाल्याचा नंबर घेतला.

गुरुवारी आजोबा मीतला घेऊन आले. आईला तोंड लपवायला जागा नव्हती. तिने मागच्या खुंटीवरचा आडगिऱ्हाइकी माल काढला: पारदर्शक रेनकोट. आरपार, काचेसारखा. हुएमध्ये तो कुणी घेत नाही, कारण इथला प्रत्येक सभ्य गृहस्थ रेनकोटच्या आत बनियन आणि चड्डीवर असतो. महिनोन् महिने काही वाळतच नाही, तर चांगली विजार कोण भिजवणार? असं असतं सगळ्यांचंच, दिसत कुणाचं नाही. यालाच आमच्याकडे संस्कृती म्हणतात.

आजोबा तर राजघराण्यातले. म्हणजे हुएमध्ये दगड भिरकावला तर राजाच्या पणतूलाच लागतो, पण यांना तो जरा जास्त लागलेला. शेजारी एकदा बनियनवर गल्लीत आला, तर हे त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. दुकानातही इस्त्रीचा सदरा आणि लांब विजार घालूनच आले होते. रेनकोट चढवून स्टुलावर बसले. मीत मागे.

"ओळखलंस ना मला?"

मीतने पाठ निरखली. "हे कुणीतरी सर आहेत."

"अगं, आजोबा!"

"माझ्या आजोबांच्या बनियनला भोक आहे. आणि पिवळी चड्डी आहे. तिच्यावर कोंबडे आहेत." मग दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात, "एका कोंबड्याचा डोळा धुऊन गेलाय."

ती तरी काय करणार? रोज पदराखाली बसून तिने बघितलं ते एवढंच. दुकानातल्या दोन बायका रेनकोटच्या घड्यांत तोंड खुपसून हसत होत्या. आजोबांचे कान लाल झाले. आणि मला कुठली शुद्ध? मी त्यांचाच आवाज लावला, "लक्ष द्या! कोंबडे एक्सप्रेस रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल राजघराणं दिलगीर आहे."

"कार्टे," आजोबा हळूच म्हणाले, "रद्द कुणी केली?"

"तुम्ही जाणार? त्या चड्डीत? पुलावरून?"

"लाव पैज."

"लावली! गेलात तर पाऊस संपेपर्यंत तुमचा आवाज काढणार नाही."

"कुणापुढे नाही?"

"आरशापुढेसुद्धा नाही. आणि नाही गेलात तर टपरीवर माझ्यापुढे बसून नुसते ओठ हलवायचे. आवाज माझा."

"बघ, घाबरली आहे," ते आईला म्हणाले.

शुक्रवारी दोऱ्या सोडल्यासारखा पाऊस. मी साक्षीदार म्हणून फाटकापाशी. खुएताई रखवालदाराच्या पत्र्याखाली, हातात फोन, व्हॅनवाल्याचा नंबर तयार. समोर सगळं नारिंगी. मनातल्या मनात मी टपरीवरचा कार्यक्रम बसवत होते.

तेवढ्यात पुलाकडून गाडी आली. बाजारातून पाण्याच्या पिशवीत आणलेला जिवंत मासा दिसतो ना, तसे आजोबा. भोकाचं बनियन, काटकुळे पाय, गुडघ्याला चिकटवलेली औषधी पट्टी, आणि पिवळ्याधमक चड्डीवर कोंबड्यांचा थवा. पावसाने वरून पॉलिश केलेलं.

"अगं बाई, राजघराणं उघडं पडलं!" एक आजी ओरडली. नारिंगी समुद्रात हसण्याची लाट उठली. आजोबांनी मान वळवली नाही. कान मात्र कोंबड्याच्या तुऱ्यासारखे.

"लक्ष द्या..." त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज फाटला.

"कोंबडे!" फाटकातून किंकाळी आली. मीत दप्तर आपटत, नारिंगी रेनकोटांना ढुशा देत, सरळ धावत आली आणि पदराखाली शिरली. आता तिला आतूनही सगळं दिसत होतं. गाडी वळली तेव्हा तीच ओरडत होती, "लक्ष द्या! पूल येतोय! नदी येतेय! कुणाची तरी आजी येतेय, नाही, तो झाडू आहे!"

खुएताईने फोन खिशात टाकला. ती मागून ओरडली, "बाबा, बनियन तरी बदला!"

पाऊस अजून चालूच आहे. गिऱ्हाइकं येतात आणि म्हणतात, "पोरी, ते तोआन आजोबा करून दाखव ना!" मी त्यांना रेनकोटची मापं सांगते, माझ्याच सपक आवाजात. आणि रोज शाळा सुटल्यावर आजोबा वाट वाकडी करून दुकानासमोर गाडी थांबवतात. मागे मीत, आत कोंबडे.

"लक्ष द्या!" ते खणखणीत आवाजात म्हणतात. "या दुकानातली घोषणा बंद का आहे? तांत्रिक बिघाड आहे का?"

"नमस्कार, आजोबा," मी म्हणते.