फुलपात्रातलं पाणी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. बाईच्या अंगात आलं की मी तिला खुर्ची देते आणि चहा घेणार का विचारते... इतपत. त्यामुळे ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा.

मी सांगलीला विश्रामबागेत राहते. माणूस गेलं की घरात जो बारीकसारीक पसारा उरतो — बटणं, किल्ल्या, फुटक्या बांगड्या, चष्म्याची काडी — तो शाडूत बसवून मी आठवणीच्या चौकटी करते. लोक ऑर्डर देतात, हॉलमध्ये लावतात.

माझी आई औंधला दादाच्या घरी वारली. शेवटचे काही महिने ती अंथरुणाला खिळून होती. तेराव्यानंतर दादानं एक पिशवी माझ्या हातात दिली.

"सुमे, तुला असलं भंगार लागतंय न्हवं? घिऊन जा."

सोनं अर्थातच भंगारात धरलं नव्हतं. पिशवीत तिची लाकडी फणी, मिश्रीची डबी, माळेचे सुटे मणी आणि ती रोज पाणी प्यायची ते तांब्याचं फुलपात्र होतं.

वर्षश्राद्धासाठी मी या वस्तूंची चौकट केली. फुलपात्र खाली मातीत अर्धं रुतवून उभं बसवलं, तोंड मोकळं, म्हणजे पाणी घालून एखादं फूल ठेवता येईल. घरी दिवसभर भरून ठेवून पाहिलं, गळत नव्हतं. मग औंधला नेऊन दादाच्या हॉलमध्ये लावली. पाहुण्यांनी फोटोबिटो काढले.

थोड्या दिवसांनी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, तुमचं भांडं गळतंय बघा. पानी घातलं की संपतंय."

"माती ओली झालीय का?"

"न्हाई की. खडखडीत हाय."

माझ्या हातचं वहिनीला कधी धड वाटलंच नाही, त्यामुळे मी तावातावानं गेले. भरदुपार होती. फुलपात्र काठोकाठ भरलं आणि समोर बसले. पाणी उतरायला लागलं... तहानलेल्या माणसानं घटाघटा प्यावं तसं. तळ दिसला. परत भरलं, परत तळ. मागून हात फिरवला — माती कोरडी, भिंत कोरडी, फरशी कोरडी. अख्खा तांब्या संपला तरी ते थांबेना.

वहिनीनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला.

"दिस मावळला की पानी देत न्हवतो त्यास्नी," ती म्हणाली. "हातरून वलं व्हायचं. रातच्याला कोन बदलनार? मागायच्या लय... मग फुलपात्र वर फळीवर ठिवलं. त्यास्नी दिसाय नको म्हनून."

दादा दारात उभा होता. त्याला हे नवीन नव्हतं, तोंडावरूनच कळलं.

"झालं गेलं ते," तो म्हणाला. "म्हाताऱ्या मानसाला काय कळतंय?"

मी चौकट भिंतीवरून काढली, साडीच्या पदरात गुंडाळली आणि निघाले. 'तहान कळत होती रे तिला' हे मी एसटीत बसल्यावर मोठ्यानं म्हणाले. शेजारची बाई सरकून बसली.

चौकट आता माझ्याकडे आहे. इथे फुलपात्रातलं पाणी जसंच्या तसं राहतं. ऊन, वारा, भांड्याला बारीक चीर... सगळं तपासून झालं. ओळखीच्या एका इंजिनिअरनं चौकटीसकट फुलपात्र उलटसुलट करून पाहिलं आणि "भांड्यात काही दोष नाही" म्हणून परत दिलं. औंधच्या त्या हॉलमध्ये पाणी कुठे जात होतं, मला आजही सांगता येत नाही. वहिनीशी बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद आहे. दादाशीही.

तरी या उन्हाळ्यात त्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर निमंत्रण आलं. गावात त्यानं पाणपोई काढलीय. थंड पाण्याचा मोठा कूलर, वर हार घातलेला आईचा फोटो, 'मातोश्रींच्या स्मरणार्थ'.

आणि त्याखाली लाल अक्षरांत — 'रात्रीही पाणी मिळेल'.