गिझरचं गळणं मी बंद केलं होतं

मंडळी, आज माझी खरडपट्टी निघाली आणि ती रास्त होती. हे लिहिताना मला अजिबात मजा येत नाहीये.

आमचा नवा गिझर तापला की खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी गळायचं. नव्या वस्तूने गळावं म्हणजे काय? गेल्या आठवड्यात संतापून मी त्याचं तोंड लांबी भरून बुजवलं.

आज उचगावचे गिझर दुरुस्त करणारे सलीमभाई त्याचा प्लग बदलायला आले. त्यांनी वर पाहिलं आणि आधी बटण बंद केलं.

"हे कुणी बुजवलं?"

"मी. गळत होतं."

"काकी, ते गळायलाच पाहिजे की. पाणी तापलं की फुगतंय. थर्मोस्टॅट अडकला तर उकळत राहणार, आणि वाट न्हाय मिळाली तर टाकी फुटणार. हितं आंघोळ कोण करतंय?"

"माझी नात. चार वर्षांची."

त्यांनी नवा व्हॉल्व्ह बसवला, त्याला मोरीपर्यंत नळी जोडली आणि गिझर सुरू करून स्टुलावर बसून राहिले. चहाही घेतला नाही. नळीतून पहिला थेंब पडल्यावरच उठले.

"आता घाला पोरीला आंघोळ."

उष्णतेने पाणी प्रसरण पावतं, हे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी पट्टी मारून पाठ करून घेतलं होतं. पेपरात पैकीच्या पैकी मिळाले. विज्ञान मात्र आज सलीमभाईंना येत होतं, मला नाही.

आत्ता उठा आणि तुमचा व्हॉल्व्ह बघून या. माझ्यासारखं शहाणं तुमच्याही घरात कुणी आहे का?