मांसबुरुजाची किल्लेदारीण

हर्मिने डेप्नर या बाईच्या कमरेला गेली एकेचाळीस वर्षं जी किल्ली लटकते आहे ती वीतभर लांब आहे, आणि एकदा तिनं तीच किल्ली फेकून पिसाळलेला बोका पळवला होता. किल्ली चर्चची नाही. चर्च उघडंच असतं. देवाचं कोण काय नेणार? किल्ली आहे मांसबुरुजाची.

ट्रान्सिल्व्हेनियातल्या या टेकडीवर जर्मन वंशाच्या सॅक्सन पूर्वजांनी चर्च बांधलं तेव्हा तुर्कांच्या धास्तीनं भोवती दुहेरी तट घातला, पाच बुरूज उभे केले, भिंतींत बंदुकांसाठी जंग्या ठेवल्या. देवाला मधोमध बसवलं आणि सगळ्यांत जाड भिंतीच्या बुरुजात डुकराचं खारवलेलं, धुरावलेलं मांस टांगलं. वेढा पडला तर उपाशी मरायला नको. तुर्क केव्हाच गेले, मांस मात्र राहिलं, कारण तो बुरूज भर उन्हाळ्यातही गार असतो. प्रत्येक घराची एक खुंटी, खुंटीला नंबर. रविवारी प्रार्थनेआधी बुरूज उघडायचा, ज्यानं त्यानं आठवड्यापुरतं कापून घ्यायचं आणि कापलेल्या जागी किल्लेदारानं ट्यूलिपच्या फुलाचा लोखंडी शिक्का मारायचा. पुढच्या रविवारी शिक्का जागेवर नसला, की चोरी झाली.

आधी हर्मिनेचे वडील किल्लेदार होते, त्यांच्यामागून ती. आता बहुतेक सॅक्सन जर्मनीला गेले. खुंट्या सत्तर, मांस तिघांचं, त्यातलं एक तिचं स्वतःचं. तरी दर रविवारी ती स्वतःच्या मांसावर शिक्का मारते आणि पुढच्या रविवारी तो संशयानं तपासते.

तिचा सगळ्यांत मोठा पराक्रम चोविसाव्या वर्षी झाला. एक नंबरच्या खुंटीवर खुद्द पाद्रीबाबांचं मांस चांगलं चार बोटं कमी झालेलं होतं. शिक्का होता, पण त्यातलं फूल उजवीकडे कललेलं. बनावट शिक्का! वडिलांना दिसलं नाही ते हर्मिनेला दिसलं. ती भर प्रार्थनेत उभी राहिली आणि तिनं गावातल्याच तरण्या मिश त्सिकेलीकडे बोट दाखवलं, कारण त्या सकाळी मिशची मिशी चरबीनं चकाकत होती.

"सगळं यानंच खाल्लं!" ती म्हणाली.

मिशनं हूं की चूं केलं नाही. ईस्टरपर्यंत त्याला दारामागच्या बाकावर बसवलं. तिथं चोर आणि दारुडे बसत. पुढे तोही जर्मनीला गेला. दर उन्हाळ्यात गावच्या मेळाव्याला तो येतो आणि तटाच्या दारातूनच ओरडतो, "हर्मिने, कुलूप घाल, चोर आला!"

"घातलेलंच आहे!" ती आतून ओरडते. बस्स. पन्नास वर्षांत दोघांमध्ये एवढंच बोलणं.

यंदा बुरुजाची डागडुजी निघाली. नेलू गवंडी परांचीवरून चुना लावता लावता एका जंगीत हात घालून म्हणाला, "मावशी, हे काय हो? पावावर नक्षी उठवायचा साचा का?"

अंगठ्याएवढा लाकडाचा तुकडा होता, टोकाला ट्यूलिप कोरलेलं. हर्मिनेनं तो नेलूच्या ओल्या चुन्यावर दाबला. फूल उजवीकडे कललं.

"अहो मावशी, आत्ताच सारखं केलं होतं ते!"

तिला ऐकूच आलं नाही. ती घरी गेली आणि तिनं लाटणं काढलं. लाटण्याच्या मुठीवर ट्यूलिप, उजवीकडे कललेलं. मिठाच्या पेटीवर, पाळण्यावर, पलंगाच्या उशाशी, सगळीकडे तेच. हे सगळं कोरलं होतं तिच्या डावखुऱ्या नवऱ्यानं, जॉर्जनं, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा रोज कणकेवर फिरत होता.

"मेल्या," ती त्याच्या फोटोला म्हणाली, "मरताना तरी सांगायचंस!"

चोर सोडून तिनं संन्याशाला फाशी दिली होती. लाजेनं तिला दोन दिवस घास गिळवेना. बोलावं तर जॉर्जचं नाव जातं, न बोलावं तर मिशचं परत येत नाही. आणि मिशचे गुडघे आता असे, की पुढच्या वर्षी टेकडी चढेल याचा भरवसा नाही. शिक्का चुलीत टाकला असता तर कुणाला कळणार होतं? नेलूच्या लेखी तो पावाचा साचा. तिनं चुलीचं दार उघडलंसुद्धा. मग लावून घेतलं. एकेचाळीस वर्षं शिक्के तपासणाऱ्या बाईला ते जमेना.

मेळाव्याच्या रविवारी मिश धापा टाकत दाराशी आला. "हर्मिने, कुलूप घाल, चोर आला!"

उत्तर नाही. पुन्हा ओरडला, तरी नाही. "मेली की काय ही," असं पुटपुटत तो घाबराघुबरा चर्चमध्ये शिरला. दारामागच्या बाकावर हर्मिने बसली होती. मांडीवर किल्ली, तळहातावर शिक्का.

"इथं काय करतेस?"

"चोराच्या बायकोची जागा आहे. जॉर्जनं केलं होतं, मिश. मी तुला उगाच बसवलं इथं. मला माफ कर."

मिशनं शिक्का उलटसुलट पाहिला आणि हसायला लागला. "गाढवानं ठेवला होय? नदीत टाक म्हणून बजावलं होतं मी!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत? कांदा मी आणला होता."

"मग त्याचं नाव का नाही घेतलंस?"

"दोन महिन्यांवर तुमचं लग्न होतं. किल्लेदारानं मांसचोराला पोरगी दिली असती? आणि तू तरी केलं असतंस?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं केलं."

"मग!"

तिचे डोळे भरून आले. एकोणचाळीस वर्षांचा संसार या माणसानं बाकावर बसून तिला मिळवून दिला होता. डोळे पुसता पुसता मात्र तिच्यातली किल्लेदारीण जागी झाली.

"थांब. खाल्लं होतंस ना? मग पन्नास वर्षं रुसलास कशाला?"

"अर्धं!" मिश इतक्या मोठ्यानं ओरडला की पुढच्या ओळीतल्या माना वळल्या. "अर्धंच खाल्लं होतं! आणि तू भर प्रार्थनेत म्हणालीस, सगळं यानंच खाल्लं!"

ऑर्गन वाजायला लागला. हर्मिनेनं किल्ली उचलली आणि ती सरकली.

"बस मग," ती म्हणाली. "अर्धा बाक तुझा."