नऊ दिवसांचं सील

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, हे आठवायला मला जुन्या डायऱ्या काढाव्या लागतात. या एका प्रकरणाला डायरी लागत नाही. नाक्यावर कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की ते आपोआप समोर येतं आणि मी मान दुसरीकडे वळवतो.

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका तालुक्याच्या गावी मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. बाजारपेठेत एका बाईंचं फ्लेक्स छपाईचं दुकान होतं. घरची नारळी-पोफळीची वाडी, पण बाईंना स्वतःचं काही उभं करायचं होतं. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी दहा फूट रुंदीचं मशीन घेतलं होतं. ते चालवायला म्हसळ्याकडच्या एका खेड्यातला, चाळिशीतला ऑपरेटर होता. मुंबईतल्या छापखान्यांत उमेदीची वर्षं काढून तो गावाकडे परतला होता. 'समुद्रात खोल जाऊ नये' हे आमचे किनाऱ्यावरचे फलकही त्यानेच छापलेले.

एका सकाळी बाई तक्रार घेऊन आल्या. छपाई फिकट येऊ लागली म्हणून त्यांनी कंपनीचा माणूस बोलावला होता. त्याने मशीन उघडून सांगितलं की शाई सोडणारी चार हेड असतात, त्यांतल्या एकाचा नंबर कंपनीच्या नोंदीशी जुळत नाही. मूळ हेड काढून कुणीतरी जुनं बसवलं आहे, त्यामुळे वॉरंटी लागू होणार नाही. पोलिसांचा कागद आणा, मग बघू.

मशीन घेणं एकवेळ सोपं, ते पोसणं कठीण, असं बाई म्हणाल्या. शाई, वीज, एसी, खाऱ्या हवेने गंजणारे भाग, रोज काही ना काही चालूच. सगळ्यांत महाग ते हेड. वॉरंटी आहे तोवर दुकान आहे, ती गेली तर शटर ओढावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात फक्त चोरी शिरली होती.

संशय साहजिकच ऑपरेटरवर. बाई म्हणाल्या, तो तसा नाही. मी त्यांना ऐकवलं की घात नेहमी विश्वासातलाच माणूस करतो. असली वाक्यं आम्हा पोलिसांच्या तोंडात तयारच असतात. त्याच दिवशी माझ्या एका खबऱ्याने खबर दिली की मागच्या आठवड्यात ऑपरेटर खोकं घेऊन पनवेलच्या एसटीत चढताना दिसला होता. मला आणखी काय हवं होतं?

मी दोन शिपाई घेऊन दुकानात गेलो. मशीन चालू होतं, अर्धा फ्लेक्स बाहेर आला होता. मी मेन स्विच खाली पाडायला लावला, शटर ओढलं, कुलूप लावून त्यावर कागद चिकटवला आणि ठाण्याचा शिक्का मारला. पंचनामा नंतर करू म्हटलं. स्टेशन डायरीत नोंद नाही, कोर्टाला कळवणं नाही. पुरावा सुरक्षित राहिला पाहिजे, एवढा एकच विचार.

गाडीत बसवताना ऑपरेटर हात जोडून म्हणाला, "साहेब, धा मिन्टं द्या. हेडं धुतो, वली करून ठेवतो. शाई सुकली तर चारी हेडं मरतील. मशीन अशी बंद ठेवायची न्हाय."

आरोपी घटनास्थळी परत जायला बघतो तो पुरावा नष्ट करायला, हे मी कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

पुढचे दिवस मी त्याला सकाळी ठाण्यात बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. अटक दाखवली नव्हती, म्हणजे कागदोपत्री तो 'चौकशीसाठी' येत होता. खोक्यात काय होतं विचारलं तर म्हणाला, दुकानाचा स्टॅबिलायझर. गावातली वीज वरखाली होते, स्टॅबिलायझर बंद असला तर वॉरंटी जाते, म्हणून पनवेलला दुरुस्तीला नेला होता. मला ते बनवाबनवीचं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला दोन थपडा दिल्या. मुलाबाळांचा बाप होता तो, माझ्यापेक्षा फार लहानही नव्हता. तो रडला नाही. रोज दोनच गोष्टी सांगत राहिला. एक, मशीन धुऊ द्या. दुसरी, "माजी पट्ट्यांची वही बगा, साहेब."

वही दुकानात होती आणि दुकान मीच सील केलं होतं. एवढ्यासाठी सील कोण तोडतंय, असं म्हणून मी विषय टाळत गेलो. बाईही दोनदा येऊन गेल्या. कुलूप उघडा, हवं तर तुमचा माणूस उभा करा, पण मशीन साफ करू द्या, असं त्यांनी विनवलं. मी तपास चालू असल्याचं सांगून त्यांना परत पाठवलं.

नवव्या दिवशी आमच्या ठाण्यातल्या एक अनुभवी महिला हवालदार मला म्हणाल्या, "साहेब, थपडा खाऊनसुद्धा माणूस रोज तीच वही मागतोय. बघायला काय हरकत आहे?" त्यांच्या बोलण्याचा राग आला, पण सील तोडलं.

काम सुरू करण्याआधी हा माणूस रोज सकाळी चारी रंगांच्या बारीक रेघांची एक पट्टी छापायचा. रेघ तुटली तर त्या हेडचं तेवढं छिद्र बंद आहे असं समजायचं. बहुतेक ऑपरेटर ती पट्टी बघून टाकून देतात. हा तारीख घालून वहीत चिकटवायचा. पहिली सगळी पानं अखंड रेघांची. मग एका तारखेपासून निळ्या रंगात अकरा ठिकाणी रेघ तुटलेली, आणि पुढे रोज त्याच अकरा ठिकाणी. त्याच पानाला सर्व्हिस इंजिनियरच्या भेटीची पावती टाचलेली होती, आदल्या दिवसाची. तक्रारीच्या वेळी आलेला माणूस वेगळा, हा आधी पहिल्या मोफत सर्व्हिसला आला होता. ऑपरेटरने शेरा लिहिला होता, 'इंजिनियर सायबाला फोन केला, सेट होईल म्हणाला.'

मला मशीनमधलं काही कळत नाही, पण ती पट्टी आणि ती पावती एकत्र पाहिल्यावर कळण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. तो इंजिनियर आम्ही बोलावून घेतला. त्याच्यापुढे वही ठेवली, अर्ध्या तासात सगळं कबूल. नवं हेड काढून वापरलेलं बसवायचं आणि नवं परस्पर विकायचं, हा त्याचा उद्योग होता. हेडही हस्तगत झालं. स्थानिक पेपरात माझा फोटो छापून आला. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी ते अभिमानाने सांगत फिरलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ऑपरेटर हेडांवर धुण्याचं औषध सोडत होता, थांबून पट्टी छापत होता. कोऱ्या कागदावर कुठेतरी दोन-चार ठिपके उमटत होते, बस्स. मूळची चांगली तिन्ही हेडसुद्धा सुकून गेली होती. तो माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "मी पयल्याच दिवशी बोललो व्हतो, साहेब." त्यात ना राग होता, ना टोमणा. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

चोरीला गेलेल्या हेडच्या जागी कंपनीने नवं दिलं. बाकीच्या तिन्हींसाठी उत्तर आलं की मशीन न धुता बंद ठेवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. बाई माझ्याकडे आल्या. त्यांना भरपाई नको होती. दुकान अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पोलिसांच्या ताब्यात होतं, एवढं एक पत्र हवं होतं. ते पाहून कंपनी विचार करेल असं तिथला अधिकारी त्यांना म्हणाला होता.

मी पत्र दिलं नाही. पत्र दिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कुठल्या पंचनाम्याने सील केलं? बढतीची यादी निघायची होती. मी बाईंना म्हणालो, "असं पत्र देण्याची पद्धत नाही." त्यांनी कंपनीचं उत्तर घडी घालून पिशवीत ठेवलं. मग म्हणाल्या, "साहेब, मदत मागायला मीच आले होते ना तुमच्याकडे?" आणि निघून गेल्या.

चार महिन्यांत दुकान बंद झालं. मशीन भंगारात गेलं. ऑपरेटर पुन्हा बायकामुलांना गावी ठेवून नवी मुंबईत कामाला लागला. माझी बढती झाली.

संशयित माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असेल तर ती आधी तपासून बघावी, हे मी या प्रकरणात शिकलो आणि पुढे पाळलंही. पण त्याचा त्या दोघांना काय उपयोग? चूक माझ्याकडून अज्ञानाने झाली, तिची लाज वाटते. ती झाकली ते मात्र समजून-उमजून, आणि त्याची लाज निवृत्तीनंतर वाढतच चालली आहे. म्हणून ते पत्र आज इथे लिहितो.

त्या वेळचा प्रभारी अधिकारी या नात्याने लिहून देतो की, सदर दुकान माझ्या तोंडी आदेशाने नऊ दिवस बंद होतं. मशीन धुऊ द्यावं अशी विनंती ऑपरेटरने पहिल्याच दिवशी केली होती व ती मी नाकारली. मशीन निकामी होण्यात मालकीणबाईंचा वा ऑपरेटरचा काहीही दोष नाही.

खाली सही आहे. शिक्का नाही. बाई पत्र मागायला आल्या त्या दिवशी तो माझ्या टेबलावर, त्यांच्या समोरच पडलेला होता.