कोणाच्या नावाची मूठ

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. गोंदियाच्या कडेला, मुर्रीत, एका खोलीत आम्ही दोघा पुरुषांनी ‘मित्र’ म्हणून अकरा वर्षं काढली, ती या संशयाच्याच जोरावर. घरमालक जरा हसून बोलला तरी रात्रभर मी त्याचा अर्थ लावत बसायचो. माझा जोडीदार चिडवायचा, “तू तं भुतालेही आधार कार्ड मागशील.”

मागच्या वर्षी तो गेला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेंचा परित्राणपाठ सुरू झाला, तेव्हा पाठाचा पांढरा दोरा फक्त घरच्यांच्या हातांतून फिरला. मी मांडवाच्या मागे लोकांना पाणी वाटत होतो. मला एकदाच, त्याचा म्हणून बसून, त्याच्यासाठी प्रार्थना करायची होती. ते राहूनच गेलं.

दवाखान्यात तो ज्या वॉर्डात होता तिथली एक नर्स बाजारात भेटली. म्हणाली, “इतवार को पुराने स्कूल में आया करो. अपने गुजरे हुओं के लिए सब धरम के लोग बैठते हैं. आप जैसे भी आते हैं.” ‘आप जैसे’ ऐकून माझं डोकंच फिरलं. इथं कुठंतरी पाणी मुरतंय. कुणाला आपला धर्म वाढवायचा असेल, कुणाला आम्हाला ‘बरं’ करायचं असेल, नाहीतर पेपरात फोटो छापून आणायचा असेल. तरीही गेलो. का, ते वर सांगितलंच आहे.

बंद पडलेल्या शाळेच्या हॉलमध्ये वीसेक माणसं सतरंजीवर बसली होती. मी दाराजवळ बसलो, चपला हाताशी ठेवून. चहा आला तेव्हा आधी पेला पाहिला. आमच्या बौद्ध घरांत ही नजर बापाकडून मुलाकडे येते: आपला पेला वेगळा तर नाही? सगळ्यांना सारखेच स्टीलचे होते. त्यानंही माझं समाधान झालं नाही. इतकी आपुलकी मला फुकटात कधी मिळालेली नाही.

त्यांची रीत अशी. मधे एक मोठं गंज, म्हणजे पातेलं, ठेवतात. प्रत्येकानं घरून मूठभर तांदूळ आणायचे, आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, तो आपला कोण ते सांगायचं आणि मूठ गंजात सोडायची. मग त्याच तांदळाचा भात सगळे जेवतात. रांधायचं काम एका दर्ग्यात सेवा करणाऱ्या चाचाकडे होतं. मी त्यांना आधीच विचारून घेतलं, “हा प्रसाद तं नाही ना? आम्ही प्रसाद खात नाही.”

“भात आहे,” ते म्हणाले. “पटला तं खा.”

नर्सनं सांगितलं होतं म्हणून मीही खिशात मूठभर तांदूळ आणले होते. माझी पाळी आली. उठलो आणि समोर आमच्याच गल्लीतला एक माणूस दिसला, घरमालकाच्या रोजच्या बैठकीतला. हा इथं कायले? उद्या घरमालकाला कळलं तं खोली गेली. मी नाव घेतलं आणि म्हणालो, “माझा मित्र होता.” दवाखान्याच्या फॉर्मवर हाच शब्द, शेजाऱ्यांना हाच शब्द, जिभेला तेवढंच वळण होतं. मूठ सुटली. सगळ्यांनी एका मित्रासाठी डोकी झुकवली.

माझ्यानंतर एक म्हातारी उठली, शेतीवाडी असलेल्या पोवार घरातली. शेजारी तिची मुलगी होती. म्हातारी म्हणाली, “माह्या पोरीची होती ते. सून म्हनू का जावई, मले समजत नाही. पन घरची होती.” हिला कुणी शिकवून तर आणलं नाही ना, असंच मला पहिल्यांदा वाटलं. मग तिच्या मुठीतले अर्धे तांदूळ बाहेर सांडले, ती खाली वाकून एकेक दाणा वेचू लागली, आणि मला माझीच किळस आली.

मागच्या पडवीत चाचा चुलीपुढे बसले होते. मी म्हणालो, “चाचा, मी खोटं बोललो. मित्र नव्हता तो.”

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. “मंग मले कायले सांगून राहिला? खोटं तं सगळ्यांसमोर बोलला.”

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याच रागात हॉलमध्ये परतलो. पंगत बसली होती, भात वाढून झाला होता. मी उभ्यानंच म्हणालो, “तो माझा माणूस होता. अकरा वर्षं आम्ही संसार केला.” सगळ्यांचे हात थांबले. मी फक्त त्या गल्लीतल्या माणसाकडे पाहत होतो.

त्यानं आपली पत्रावळ बाजूला ओढली. मग थोडा सरकला. “बस,” म्हणाला. “भात थंडा होऊन राहिला.”

तो घरमालकाला सांगेल का, हे मला आजही माहीत नाही. मी त्याच्या शेजारी बसलो. मित्र म्हणून जेवढं रडता येतं तेवढंच मी वर्षभर रडलो होतो. त्या दुपारी त्याहून जास्त रडलो.